पांढरी क्रूझ, पिवळी क्रूझ आणि आत्याची हद्द

काशीहून आलेल्या माणसाला आमच्याकडे पहिला प्रश्न विचारतात, काय सोडलंत? कुणी कारलं सोडतं, कुणी फणस; मुळात न आवडणारी भाजी सोडण्याकडे कल जास्त. मी यंदा काशीत एकच गोष्ट सोडली. घरच्या सहलीची निवड यापुढे नवऱ्याकडे सोपवायची नाही.

कऱ्हाड, जेवणाचं टेबल

माझे बाबा ऐंशी वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे कुठल्याही नदीकडे ते भक्तिभावानं न बघता विसर्ग मोजायच्या नजरेनं बघतात. त्यांची एकुलती एक बहीण, माझी कुमुदआत्या, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन काशीला गेली आणि तिथलीच झाली. बालाजी घाटामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीही समोरच्याचं उत्तर चुकलंय अशाच चेहऱ्यानं ऐकते.

अकरा वर्षांपूर्वी तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेले. बाबांनी इथे तिच्यासाठी खोली तयार केली, पडदेसुद्धा लावले. तेव्हा आत्यानं फोनवर सांगितलं की तिनं क्षेत्रसंन्यास घेतलाय. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. वरुणा नदीपासून अस्सीपर्यंतची काशी, त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. व्रतापुढे कोण बोलणार? पडदे उतरवले.

सहा वर्षांपूर्वी माझी आई गेली. चार महिने अंथरुणावर होती. आत्या आली नाही. व्रत होतं, बाबांनी ते मान्य केलं. पण एक गोष्ट त्यांच्या मनात काट्यासारखी राहिली. त्या चार महिन्यांत आत्यानं आईला एक फोनसुद्धा केला नाही. "हद्द ओलांडायची नाही हे समजतं," बाबा म्हणायचे, "पण फोनला कसली आलीय हद्द?" हे ते आम्हाला ऐकवायचे. आत्याला त्यांनी कधी विचारलं नाही. सणावाराला दोघं थंडी किती आहे एवढं बोलून फोन ठेवायची.

यंदा दिवाळी झाल्यावर बाबा जेवताजेवता म्हणाले, "मला ताईबरोबर दोन दिवस हवेत. तिच्या घरी नको. घरी काही विचारलं की ती उठते आणि दूध बघायला जाते. जिथून तिला उठून जाता येणार नाही अशा जागी न्या."

माझा नवरा शिरीष आमटीचा भुरका अर्धवट ठेवून म्हणाला, "क्रूझ."

हा मनुष्य साधा मिक्सर घ्यायचा तर तीन आठवडे तक्ता बनवतो. त्यानं गंगेवरच्या दोन कंपन्या हेरल्या. एकीचं माहितीपत्रक पांढरं, दुसरीचं पिवळं, म्हणून घरात त्यांची नावं पांढरी आणि पिवळी पडली. पांढरी तीन दिवसांची. काचेच्या भिंतींच्या खोल्या, चाळीस पदार्थांचं जेवण, वरच्या मजल्यावर मालिश, आणि नदीनं चुनारच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत. पिवळी दोन दिवसांची, घाटांच्या समोरूनच वर-खाली करणारी. खोल्या लहान, जेवण शुद्ध शाकाहारी, आणि "भजनसंध्या, ऐच्छिक". शिरीषचं मन पांढरीवर जडलं होतं. तिच्यावर शोभावी म्हणून त्यानं पांढरी पँटही शिवायला टाकली.

मी आत्याला फोन करून दोन्ही वाचून दाखवल्या. चुनारचं नाव आलं तेव्हा ती जरा थांबली. मग म्हणाली, "चुनार हद्दीबाहेर होतं." आवाज अगदी सपाट. शिरीषनं तक्त्यावर एक उभी रेघ मारली आणि आमची निवड झाली. निदान आम्हाला तसं वाटलं.

बालाजी घाटामागची गल्ली

काशीच्या गल्लीत समोरून बैल आला तर कोणी मागं जायचं याचे नियम असतात, आणि ते बैलाला पाठ असतात. आमचं सामान घेऊन विनयदादा पुढे चालला होता. हा आत्याचा मुलगा, अस्सीपलीकडच्या विद्यापीठाच्या ऑफिसात आहे, साठीला आला तरी आईपुढे पाचवीतलाच. "तुम्ही टेन्शन नका घेऊ," तो बैलाच्या कुशीतून म्हणाला, "तो काही करत नाही. बस, निकलून जा."

आत्या दारात उभी होती. बाबांना तिनं अकरा वर्षांनी पाहिलं. बाबांनी वाकून नमस्कार केला, तिनं त्यांच्या टकलावरून हात फिरवला. "वसंता, किती रे दुबळा झालास. पहिले बैस. पाणी पी." बाबा बसले, पाणी प्यायले, आणि मला दिसलं की प्रश्न अगदी त्यांच्या ओठांवर आलाय. "ताई, मला तुला एक..." तेवढ्यात आत्या उठली आणि दूध बघायला गेली. दूध गॅसवर नव्हतंच, हे मी स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले.

जेवायला पिठलं-भात होता आणि सोबत चूडा-मटर. हिवाळ्यात तिथं कोवळे मटार तुपात परतून पोह्यांत घालतात. पोहे भिजवायचे किती, यावरून आपल्याकडे सासू-सुनांची बोलणी होतात. तिथं ते दुधात भिजवतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मलइयो खाल्लं. दुधाचा थंडगार फेस, मातीच्या वाटीत, तोंडात जाईपर्यंत नाहीसा होतो. शिरीषनं चार वाट्या रिचवल्या आणि पोटात काहीच गेलं नाही म्हणून तक्रार केली.

दुपारच्या जेवणानंतर विनयदादानं खरी अडचण काढली. पिवळी घाटांच्या समोरून जाते हे ठीक, पण गंगेत काशीची हद्द कुठे संपते? पलीकडचा काठ काशीत नाही. तिकडे मेलेला माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो असं काशीत लहान पोरही सांगतं. त्यानं तीन विद्वानांना विचारून ठेवलं होतं. एक म्हणाले, पाय टेकेल तिथपर्यंतच काशी. दुसरे म्हणाले, प्रवाहाच्या मध्यापर्यंत. तिसरे म्हणाले, आधी दक्षिणा ठरवू.

"मध्य," आत्या म्हणाली. "मध्य बरोबर आहे." गणित संपलं.

संध्याकाळी आम्ही पिवळीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर चाळिशीतला, गळ्यात मफलर, गालात पान. शिरीषनं कागद पुढे केला: नाव कोणत्याही परिस्थितीत नदीच्या मध्याच्या पलीकडे जाणार नाही, वळतानाही नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं पलीकडच्या रेतीवरचं जेवण आम्ही नावेतच घेऊ.

मॅनेजरनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "सर, गंगाजी हैं. बीच में डिवाइडर नहीं है."

पण सही केली. सही करताना आत्याला म्हणाला, "माताजी, हम तो रामनगर के हैं. रोज़ उसी पार सोते हैं. अभी तक तो गदहा नहीं हुए."

"तुमच्या पत्नीला विचारा," आत्या त्याला हिंदीत म्हणाली. तो इतका हसला की पान सांभाळणं कठीण झालं.

पिवळीवर, पहिला दिवस

पिवळी नाव लांबून बरी दिसली, जवळून लग्नाच्या मांडवासारखी. झेंडूच्या माळा प्लॅस्टिकच्या, खुर्च्यांना गुलाबी कापड. आम्ही महाराष्ट्रातले म्हणून आमच्यासाठी मुद्दाम "मराठी नाश्ता" केला होता. पोह्यांत मनुका होत्या, वर चेरी होती. बाबांनी चेरी उचलून बशीच्या कडेला ठेवली आणि आचाऱ्याला फार छान झालेत म्हणून सांगितलं. आमच्याकडे पाहुण्यानं खोटं बोलायची रीत आहे, ती गंगेवरही पाळली गेली.

घाट एकेक करून मागं जात होते. भोसले घाटाचा दगडी वाडा आला तसे बाबा खुर्चीत सरळ झाले. नागपूरकरांचं नाव ऐकून कऱ्हाडच्या माणसाला अभिमान वाटायचं काही कारण नव्हतं, पण हजार मैलांवर कुठलंही मराठी आडनाव चालतं. मग त्यांनी पायऱ्यांवरच्या पुराच्या खुणा बघायला सुरुवात केली आणि प्रवाहाचा वेग किती असेल यावर मॅनेजरला व्याख्यान दिलं. मॅनेजर रोज त्याच पाण्यावर असूनही हात जोडून ऐकत होता.

बाबांनी त्या दिवसात चार वेळा विषय काढायचा प्रयत्न केला. नावेवर दूध नव्हतं, पण आत्या कच्ची खेळाडू नव्हती. पहिल्या वेळी ती इंजिन बघायला गेली. दुसऱ्या वेळी तिला एकाएकी झोप लागली, डोळे मिटून, मान सरळ ठेवून. तिसऱ्या वेळी तिनं विनयदादाच्या गुडघ्याचा विषय काढला, तो तासभर चालला. चौथ्या वेळी बाबा नुसतं "ताई" म्हणाले आणि ती म्हणाली, "मी भजनाला बसते." भजन ऐच्छिक होतं आणि ती एकटीच श्रोता होती. बाबा रेलिंगला धरून उभे राहिले. मला त्यांची फार कीव आली. इतकी वर्षं सांभाळलेला एक प्रश्न, आणि तो विचारायला माणूस हजार मैल आलाय.

शिरीष मात्र वेगळ्याच कामात होता. तो नावेच्या टोकाशी उभा राहून दोन्ही काठांकडे बघत मध्य सांभाळत होता. नाव जरा पूर्वेला सरकली की चालकाला हातवारे करायचा. चालकानं दुपारनंतर तिकडं बघणंच सोडलं.

दुसरा दिवस, धुकं

सकाळी सात वाजता "सूर्योदय दर्शन" होतं. बाहेर आलो तर नावेचं दुसरं टोक दिसत नव्हतं. काशीचं माघातलं धुकं म्हणजे डोळ्यांपुढे वाळत घातलेली चादर. भोंग्यावर घोषणा झाली, "आपके बाएँ हाथ पर सूर्योदय." आम्ही सगळे आज्ञाधारकपणे डावीकडे वळलो आणि पांढऱ्या शून्याकडे बघत उभे राहिलो. शिरीषनं फोटोही काढले. ते सगळे सारखे आले आहेत.

नाव हळूहळू चालली होती. उजवीकडून घंटा ऐकू येत होत्या तोवर मंडळी निर्धास्त होती. मग घंटा थांबल्या. कुठे आहोत हे कुणालाच सांगता येईना. बाबा वाकून पाणी बघत होते. "उथळ झालंय," ते म्हणाले, "गढूळपणा बघा." पाटबंधारे खात्याचं ऐकण्याची देशात रीत नाही. पुढच्या मिनिटाला खालून खर्रर असा आवाज झाला, सगळ्यांच्या हातातला चहा सांडला आणि नाव थांबली.

आम्ही रेतीत रुतलो होतो.

धुकं विरायला साडेदहा वाजले. पहिल्यांदा दिसला तो उंट. नावेपासून वीस पावलांवर, पाठीवर आरसे लावलेली झूल, शांतपणे चघळत. त्याच्यामागे चहाची टपरी, आणि मग दूरवर पसरलेली रेती. काशी पाठीमागे होती, पाण्यापलीकडे, पूर्ण लांबीची. आम्ही मध्य ओलांडून सरळ पलीकडच्या काठाला लागलो होतो.

शिरीषनं खिशातून सही केलेला कागद काढला आणि मॅनेजरसमोर धरला. मॅनेजरनं तो मान तिरकी करून वाचला. "सर, काग़ज़ तो हमने पढ़ा था. रेती ने नहीं पढ़ा."

विनयदादाचा चेहरा पांढरा पडला. "आई, तू खाली मत उतरूस. नावेतच बैस. नाव काशीत रजिस्टर आहे. मतलब टेक्निकली तू अजून..." 

बाबा मात्र उभे होते ते खालीच बसले. खुर्चीवर नाही, फळीवर.  "माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "मीच म्हणालो, नावेवर चल. अकरा वर्षं सांभाळलंस, ताई. माझ्या हट्टापायी मोडलं." आणि ते रडायला लागले. बाबांना मी आईच्या वेळीसुद्धा असं उघड्यावर रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. 

 आत्या म्हणाली, "वसंता, उठ. काही मोडलं नाही."

"मध्य ओलांडला ना पण."

"मोडायला मुळात असावं लागतं. मी कसलंच व्रत घेतलेलं नाही."

 उंटानं मान वळवली.

"तुम्ही पडदे लावून बसला होतात," आत्या म्हणाली. "बाई विधवा झाली की तिला हलवायलाच हवं असं वाटतं तुम्हाला, कपाट हलवतात तसं. माझ्या शाळेतल्या पोरी शिकायला यायच्या, माझ्या मैत्रिणी, माझी संध्याकाळ, सगळं इथे होतं. नुसतं 'येत नाही' म्हटलं असतं तर तू ट्रक घेऊन आला असतास. म्हणून व्रत सांगितलं. व्रताशी कुणी हुज्जत घालत नाही."

विनयदादाचा आवाज परत आला. "आई, पण मी तुझ्या नातीचं, पूजाचं लग्न अस्सीपलीकडच्या लॉनमधून कॅन्सल केलं. तुझ्यासाठी. ॲडव्हान्स गेला."

"त्या लॉनचं जेवण वाईट होतं."

"आणि तू कधी माझ्या ऑफिसात आली नाहीस. इतक्या वर्षांत."

"दर महिन्याला येते. तुझ्या ऑफिससमोर जो फॉल-पिकोवाला आहे ना, त्याच्याकडे. तुझ्या खिडकीखालून जाते. तू नेहमी चहा पीत असतोस."

एरवी मी हसून लोळले असते. त्या क्षणी हसू आलं आणि अर्ध्यातच अडकलं, कारण बाबा उठून उभे राहिले होते. डोळे पुसलेले नव्हते. त्यांनी शेवटी विचारलं.

"मग तिला फोन का नाही केलास?"

आत्यानं इकडंतिकडं पाहिलं. इंजिन बंद होतं, भजनाची मंडळी नावेच्या खालच्या मजल्यावर चहा प्यायला गेली होती. जायला जागा नव्हती. ती समोरच्या खुर्चीवर बसली, पदर सावरला.

"तिला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"व्रत नाही हे. तिला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. फोनवर पोट धरून हसली होती. म्हणाली, वन्सं, आता निभवा म्हणजे झालं." आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग ती आजारी पडली. तूच मला म्हणालास, ताई, तुझं व्रत आहे, तू नको येऊस, आम्ही समजून घेऊ. मला सुटल्यासारखं झालं. हे गेले तेव्हा मी बावीस दिवस दवाखान्यात बसले होते, वसंता. पुन्हा तसं कुणाला बघायची हिंमत नव्हती माझ्यात. आणि ती तर माझी होती. मी घाबरले. फोन केला असता तर तिनं एवढंच विचारलं असतं, वन्सं, कधी येताय? तुम्हाला सगळ्यांना मी काहीही सांगू शकत होते. तिला काय सांगणार होते?"

मला आत्याचा राग आला.  माझी आई चार महिने दाराकडे बघत पडली होती आणि ही बाई साडीला फॉल लावून घ्यायला हद्द ओलांडत होती. मी ते तसंच बोलले. शब्दही फारसे निवडले नाहीत. आत्या म्हणाली, "बरोबर आहे तुझं." तिनं दुसरं काही म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं.

आणि मग मला आठवलं. शेवटच्या आठवड्यात आईला मीच सांगितलं होतं, आत्याला व्रतामुळे येता येत नाही गं. आई डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "हो. कडक असतं हो व्रत त्यांचं." तिच्या तोंडाचा एक कोपरा जरासा वर गेला होता. मला तेव्हा ती औषधाची गुंगी वाटली. सगळं ठाऊक असून तिनं नणदेचं गुपित फोडलं नाही. मला नाही, बाबांना नाही, कुणालाच नाही. हे मी सगळ्यांना सांगितलं, तेव्हा आत्यानं पदर तोंडाला लावला, आणि पहिल्यांदाच तिचं वय चौऱ्याऐंशी दिसलं.

बाबा काशीकडे बघत उभे होते. उन्हात सगळे घाट लखलखीत दिसत होते. मग ते म्हणाले, "सहा वर्षं मी त्या देवाला शिव्या घालतोय. रोज. आंघोळ करताना. बायको गेली आणि बहिणीला बांधून ठेवलंस म्हणून."

"मग माग त्याची माफी," आत्या पदराआडून म्हणाली.

"त्याची मी मागतो," बाबा म्हणाले. "तू तिची माग. इथून नाही. तिथे येऊन."

आत्यानं मान हलवली. हो म्हणाली की रडण्यानं हलली, ते कळलं नाही. मग तिनं चपला काढल्या, मॅनेजरला फळी लावायला सांगितली, आणि आमच्या कुणाचा हात न घेता पलीकडच्या रेतीवर उतरली. मॅनेजरनं वरून विचारलं, "माताजी, डर नहीं लगता?" ती म्हणाली, "मरायचं नाहीये मला, चहा प्यायचाय." चहा टपरीवरचा होता, आलं घातलेला, आणि पिवळीवरच्या चहापेक्षा कितीतरी चांगला. बाबा तिच्या शेजारी बसले.  बशीतला चहा दोघांनी एकाच वेळी फुंकला, एकाच घरात शिकल्यासारखा.

चुनार

नाव ओढून काढायला दुपार झाली. परतीच्या वाटेवर आत्या शिरीषला म्हणाली, "मला पांढरी हवी होती." आयुष्यभर तिनं पोरींना चुनारच्या किल्ल्याच्या उंचीवरून त्रिकोणमितीची उदाहरणं घातली होती, किल्ला कधी पाहिला नव्हता. "फोनवर तू चुनार म्हणालीस ना," ती माझ्याकडे वळली, "तेव्हा हो निघून जाणार होतं तोंडातून." शिरीषनं कपाळाला हात लावला. त्याची पांढरी पँट बॅगेत घडी न मोडता पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून चुनारला गेलो. पांढरी क्रूझ तिथं नव्हतीच. धुक्यामुळे ती तीन दिवस काशीच्या धक्क्यावरून हललीच नव्हती, असं तिथल्या पेढेवाल्यानं सांगितलं. शिरीषचं दुःख निम्मं झालं. किल्ल्याच्या बुरुजाखाली उभं राहून आत्यानं मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली की तीस वर्षं तिनं उंची जास्त धरली होती. पोरींची सगळी उत्तरं चुकली असणार. विनयदादा म्हणाला, सगळ्या जणींना पत्र पाठवूया का. तो आता जरा मोकळा झाला होता, आणि आईला खिजवायची संधी साठ वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती.

कऱ्हाड

परतीच्या प्रवासात आमच्याबरोबर एक तिकीट जास्त होतं. त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आत्या खिडकीशी बसून होती, आणि स्टेशन येईल तसं नाव मोठ्यानं वाचत होती.

घरी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दारात मी भाकरतुकडा ओवाळून टाकायला वळले तर आत्या थांबलीच नाही. पाय धुतले आणि बाबांना विचारलं, "कुठे?"

बाबांनी मागची खोली दाखवली. आईची खाट अजून तिथंच आहे, खिडकीला लागून. आत्या आत गेली. खाटेच्या कडेला बसताना मला दिसली. चादरीवर हात ठेवून, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "आले गं मी. उशीर झाला."

बाबांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. पाऊण तासानं मी चहा घेऊन गेले. त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं.

"नको जाऊस," ते म्हणाले. "बोलतायत दोघी."